‘दमा’ म्हणून येणाऱ्या बायकांना नेमकं काय झालेलं असतं?

प्रश्न एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा आहे. डोंगरी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दीड वर्षापासून आहेत. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: “थंडी सुरू झाली की पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायका धाप आणि खोकला घेऊन येतात. विडी-सिगारेट कधी ओढलेली नाही. बेडका तपासला तर टीबी नाही, एक्स-रे बहुतेक ठीक. मी वाफ देतो, थिओफिलीनचं इंजेक्शन देतो, त्या बऱ्या होऊन जातात आणि आठ दिवसांनी परत येतात. केसपेपरवर मी ‘दमा’ लिहितो. स्पायरोमीटर (फुंकून श्वास मोजायचं यंत्र) नाही, छातीचे डॉक्टर सत्तर किलोमीटरवर. इथे बसून मला वेगळं काय करता येईल?”

डॉक्टर, बाई आठ दिवसांनी परत येते याचा अर्थ इंजेक्शनने त्या दिवसाचा त्रास उतरला, आजाराला हात लागला नाही. आणि केसपेपरवर एकदा ‘दमा’ लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच शब्द उतरवून घेतो, चौकशी तिथेच थांबते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात मी २७ वर्षं छातीचे रुग्ण बघतेय. पहिली काही वर्षं मीही हाच शब्द लिहीत होते. म्हणून निदानाबद्दल जरा जास्त लिहिते. ते नीट झालं की उपचार बराचसा आपोआप ठरतो.

तुम्ही वर्णन केलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अडत जाण्याचा जुनाट आजार असतो, दमा नसतो. आपल्याला कॉलेजात सीओपीडीचा रुग्ण म्हणून तीस वर्षं विडी ओढलेला म्हातारा दाखवला गेला, त्यामुळे लुगड्यातली बाई समोर आली की तो आजार आपल्याला सुचतच नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स या छातीच्या डॉक्टरांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा मांडला होता: जगात धूम्रपान करणारे साधारण १०० कोटी, पण लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. सीओपीडीचं जगातलं सर्वांत मोठं कारण कदाचित चुलीचा धूरच असेल. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे रुग्ण साडेपाच कोटींच्या आसपास होते, दम्याचे पावणेचार कोटींहून थोडे जास्त. म्हणजे केसपेपरांवर ‘दमा’ जास्त आणि गावात सीओपीडी जास्त, असं हे चित्र आहे.

आता चौकशी. “धाप लागते का?” असं विचारलंत तर पुष्कळ जणी “नाही” म्हणतील, आणि खोटं बोलत नसतील. त्यांनी काम कमी केलेलं असतं. पूर्वी दोन घागरी आणायच्या, आता एक. पूर्वी डोंगरातून मोळी आणायच्या, आता सून आणते. म्हणून कामातून विचारा. विहिरीवरून घरापर्यंत येताना किती ठिकाणी टेकता? दोन वर्षांपूर्वी किती ठिकाणी टेकत होता? बाजाराला जाताना बरोबरीच्या बायका पुढे निघून जातात का? न्हाणीत अंगावर पाणी घेताना दम लागतो का? पुस्तकात धाप मोजायची जी ० ते ४ ची श्रेणी आहे, तिची हीच मराठी.

मग चूल. वयाच्या कितव्या वर्षी चुलीपुढे बसलात, हे विचारा. आमच्याकडे उत्तर बहुधा दहा-बारा वर्षं असं येतं. रोज किती तास? स्वयंपाकघराला खिडकी आहे का? पाणी तापवायचा बंब कुठे आहे? रोजचे तास गुणिले वर्षं एवढा साधा हिशेब केसपेपरवर मांडा. म्हैसूरकडच्या खेड्यांतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात हा गुणाकार ६० च्या पुढे गेला की जुनाट खोकला-बेडक्याचा धोका वाढलेला दिसला. आमच्याकडे पन्नाशीची बाई सहज १५० वर जाते. मशेरी लावत असतील तर ती भाजतं कोण, हेही विचारा. “मी तंबाखू ओढत नाही” हे खरं असतं, पण तवाभर तंबाखू काळी होईपर्यंत भाजताना तो धूर छातीत जातोच. रात्री उशाशी डासांची कॉइल असते का? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं मोजलं गेलंय.

पुरुषांचा हिशेब वेगळा. खडी क्रशर, दगडखाण, वीटभट्टी, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारणारा गडी, जिनिंगमध्ये काम केलेला माणूस. आत्ता काय करता, एवढंच विचारू नका. विशीत मुंबईला जाऊन चार वर्षं दगड फोडून आलेला माणूस आज शेतकरी म्हणूनच तुमच्यासमोर बसतो.

दमा आणि सीओपीडी यांत फरक करायला मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: “मधल्या काळात अगदी पूर्ण बरं वाटतं का?” दमेकरी “हो” म्हणतो. त्याला लहानपणी बाळदमा होता, नाक खाजतं, शिंका येतात, सोयाबीन मळताना छाती आवळते, पहाटे तीनला जाग येते. आणि मग महिना-महिना काहीच नसतं. सीओपीडीची बाई सांगते, “बरं वाटतं, पण पहिल्यासारखं नाही.” तिचा आलेख हळूहळू उतरत गेलेला असतो आणि प्रत्येक थंडीत एक पायरी खाली येते. एक्स-रे ठीक आहे म्हणून सीओपीडी नाही असं मात्र समजू नका. चुलीच्या धुराच्या आजारात श्वासनलिका जाड होतात, खोकला आणि बेडका जास्त असतो. विडीने होतो तसा फुप्फुसाचा फुगा त्या मानाने कमी. त्यामुळे फोटो पुष्कळदा फसवतो.

तपासताना बोटं बघा. नखं फुगून पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असतील तर ते सीओपीडीचं लक्षण नाही. दुसरं काहीतरी शोधा. पाठीच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखा आवाज येत असेल तरी तेच.

स्पायरोमीटर नसताना दोन गोष्टी आज, आत्ता करता येतात. स्टेथोस्कोप गळ्याच्या खोबणीवर, श्वासनलिकेवर ठेवा. छाती भरून श्वास घ्यायला सांगा आणि तोंड उघडं ठेवून सगळा श्वास जोरात, शेवटपर्यंत सोडायला सांगा. किती सेकंद आवाज येतो ते घड्याळावर मोजा. निरोगी माणसाचा श्वास तीन-चार सेकंदांत रिकामा होतो. सहा सेकंदांच्या पुढे गेला तर श्वासनलिका अडलेल्या आहेत असं धरून चाला. दुसरं साधन पीक फ्लो मीटर, फुंकेचा जोर मोजणारं. एक प्लास्टिकची नळी आणि काटा, वीज लागत नाही. सालब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे चार झटके देऊन वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावा. काटा २० टक्के किंवा त्याहून जास्त वर चढला तर दम्याकडे झुका. मीटर घरी देऊन दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद करायला सांगितली तर आणखी कळतं. शाळेत जाणारी नात ते काम फार चोख करते, हा माझा अनुभव.

तरी या दोन्हींनी संशय पक्का होतो, निदान नाही. सीओपीडी म्हणायला स्पायरोमेट्री हवीच: श्वासनलिका उघडणारं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ०.७० पेक्षा कमी. त्यासाठी बाईला सत्तर किलोमीटर पाठवण्याऐवजी महिन्यातून एक दिवस यंत्र तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणायचा प्रयत्न करा. त्या दिवसासाठी संशयित रुग्णांची यादी तुमच्याकडे तयार असली पाहिजे, आणि त्यांचा बेडका आधी तपासलेला असला पाहिजे. टीबीचा संशय असताना, थुंकीतून रक्त येत असताना किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना फुंकायला लावायचं नाही.

फुंकणं शिकवण्यावर सगळं अवलंबून आहे. निम्मे आलेख वाया जातात ते यंत्रामुळे नाही. बाईला पुरुष तंत्रज्ञासमोर तोंड उघडून जोर लावायची लाज वाटते, नऊवारीचा कंबरेचा पीळ घट्ट असतो, आणि “ब्लो, ब्लो” म्हणजे काय ते तिला कळत नाही. पीळ सैल करायला सांगा, शेजारी एखादी नर्सताई उभी करा आणि म्हणा, “विझत आलेला जाळ फुंकणीने पेटवता ना, तशी एका दमात फुंक मारा, आणि फुप्फुस रिकामं होईस्तोवर थांबू नका.” हे वाक्य सापडल्यापासून माझं काम निम्म्याने सोपं झालं. सहा सेकंद पूर्ण झालेले, एकमेकांशी जुळणारे तीन आलेख मिळाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आता एक चूक सांगते, कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते. साधारण ३४ वर्षांची एक बाई, खोकला, धाप, रात्री उठून बसणं. दोन हिवाळे मी तिला पंप (इनहेलर) दिले. तिसऱ्या वर्षी थुंकीत रक्त आलं. टीबी नव्हता. माझ्या एका कनिष्ठ सहकारी डॉक्टरने तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची बेल ठेवली, आणि जी घरघर ऐकू आली ती छातीतली नव्हती, हृदयाची होती. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आवळली होती. फुग्याने झडप रुंद केल्यावर ती बाई पुन्हा भाताच्या लावणीला जाऊ लागली. तेव्हापासून चाळिशीच्या आतली प्रत्येक ‘दम्याची’ बाई मी डाव्या कुशीवर वळवते.

दम्यासारखी दिसणारी आणखी दुखणी आहेत. टीबी बरा झाल्यावर राहिलेले व्रण आणि रुंदावलेल्या श्वासनलिका हे आपल्याकडे फार मोठं कारण आहे. अशा माणसाला दर खोकल्याला पुन्हा टीबीची औषधं सुरू करणं चूक, आणि टीबी परत आलाय का ते न तपासणंही चूक. खाणीतल्या माणसाच्या फोटोत वरच्या भागात बारीक ठिपके दिसले तर सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा विचार करा, आणि त्याला टीबीची जोखीम कायम राहते हे लक्षात ठेवा. बुरशी लागलेल्या चिपाडाच्या ढिगावर काम केल्यावर चार-सहा तासांनी ताप, खोकला, धाप येणारा कारखान्यातला मजूर दमेकरी नसतो. त्याला त्या ढिगापासून दूर केलं की निम्मं काम होतं. तुमची बदली कधी विदर्भात झाली तर रात्रीचा खोकला आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी ३००० च्या वर असलेला रुग्ण बघून हत्तीरोगाच्या जंतूंची आठवण ठेवा. साध्या जंतांनीही हा आकडा वाढतो, म्हणून तेवढ्यावर दमा ठरवू नका.

उपचाराकडे येते. पहिली लढाई सुईशी आहे. सुई घेतली की बाईला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, आणि ‘पंपाची सवय लागते’ हा समज घरोघरी आहे. मी वाद घालत नाही. विचारते, “डोळ्यात कचरा गेला तर डोळ्यात थेंब घालता की ढुंगणावर सुई घेता? आजार श्वासनळीत आहे, औषध तिथेच जाऊ दे.” गोळीतून हजारो मायक्रोग्रॅम जातं, पंपाच्या एका झटक्यात शंभर. महिन्यातल्या इंजेक्शन-सलाईनच्या फेऱ्यांचा खर्च, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी हे सगळं तिच्या नवऱ्यासमोर कागदावर मांडा. बहुतेक वेळा पंप स्वस्त निघतो.

कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं यंत्र देत असाल तर ते तुमच्यासमोर तीनदा वापरून दाखवायला लावा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. अशक्त माणसाला ते ओढताही येत नाही. त्याला पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाचं औषध साठवून श्वासाने घ्यायची नळी. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, पंपाच्या तोंडाच्या मापाची तार वाकवून तापवा आणि बुडाला तेवढंच भोक पाडा, कडेने चिकटवून घ्या. भांड्याच्या साबणाने धुवा, पुसू नका, तशीच वाळू द्या, म्हणजे औषध भिंतीला चिकटत नाही. केपटाउनमध्ये दम्याच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चांगली ठरली. तो अभ्यास १९९९ सालचा आहे. पंप हलवा, एक झटका, पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा झटका. दोन्ही झटके एकदम मारायचे नाहीत.

कोणतं औषध? दमा असेल तर श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडशिवाय नुसता सालब्युटामॉल कधीच देऊ नका. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. सीओपीडीत मुख्य आधार फॉर्मोटेरॉल, टायोट्रोपियम यांसारख्या लांब पल्ल्याच्या औषधांचा. स्टेरॉइडचा पंप सगळ्यांना नको, त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. वर्षात वारंवार धापेचे अटॅक येत असतील आणि इओसिनोफिल वाढलेले असतील तर द्या. आणि दमा की सीओपीडी हे ठरतच नसेल तर दमा आहे असं धरून ब्युडेसोनाइड (हे स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप द्या, कारण दम्याला स्टेरॉइड नाकारण्यात जिवाला धोका जास्त. घेतल्यावर चूळ भरायला विसरू देऊ नका.

अटॅक आला तर स्पेसरमधून सालब्युटामॉलचे चार ते दहा झटके, सकाळी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस, बेडका पिवळा-हिरवा आणि जास्त झाला असेल तर प्रतिजैविक. पाच दिवसांनी गोळी बंद. ‘दम्याच्या पुडी’वर वर्षानुवर्षं राहिलेल्या बायका तुम्हाला भेटतील: चेहरा गोल, कातडी पातळ, साखर वाढलेली, मणका खचलेला. त्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं. ती एका दिवसात बंद करू नका, हळूहळू उतरवा. कोजागरीला दुधातून औषध घ्यायला जाणारे खूप आहेत. मी त्यांना अडवत नाही, फक्त म्हणते, पंप खिशात ठेवूनच जा.

औषधाइतकाच उपयोग चालण्याचा आणि श्वासाच्या व्यायामाचा होतो. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, असं मलाही वाटायचं. पण धापेच्या भीतीने ती बसून राहायला लागलेली असते आणि मांड्या आधी गळतात. थोडी धाप लागेल इतकं रोज चालणं, खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या उचलणं. आणि पुन्हा फुंकणी: नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करून फुंकणीत फुंकता तसा सोडा, पण जोर न लावता, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून. चढावर हे करणारी बाई टेकायच्या जागा कमी करते. वजन घटलेलं असेल तर शेंगदाणे, डाळ, अंडी यांवर बोला. फ्लूची लस दर वर्षी थंडीच्या आधी द्या.

चुलीबद्दल मला स्पष्ट मत आहे. धुरात बसून पंप घेणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियाहून सुरू झाली, आमच्या बहुतेक घरांत सिलिंडर पोचला. पण दुसरा भरायला पैसे नसतात, आणि गॅसवर चहा-भाजी, चुलीवर भाकरी, बंबात पाणी असं तिन्ही चालू राहतं. “चूल बंद करा” एवढं सांगून काही होत नाही. मी क्रम लावून देते. आधी बंब घराबाहेर काढा, कारण त्याला काहीच खर्च नाही. मग आजारी बाईची चूल दुसऱ्याकडे द्या, पण नातीकडे नाही. वाढत्या वयाच्या फुप्फुसाला धूर जास्त बाधतो. लाकूड पूर्ण वाळलेलं वापरा, चुलीवरची दोन कौलं उचला. गोठ्यात जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार करा. सुधारित चुलीने धूर कमी होतो, पण फुप्फुस वाचेल इतका होतो असं मला माझ्या रुग्णांत दिसलेलं नाही.

ऑक्सिजनबद्दल दोनच गोष्टी. अटॅकमध्ये सीओपीडीच्या रुग्णाच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्के ठेवा; ९८ करायच्या नादात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जातो. आणि घरी यंत्र देणार असाल तर आधी घर बघून या. चूल, विडी, देवापुढचं निरांजन यांच्याजवळ ऑक्सिजनची नळी म्हणजे आग.

हे सगळं एकट्याने होणार नाही, हे खरं. पण तुमच्या आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म (जुनाट आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) भरतात, त्यात स्वयंपाकाचं इंधन आणि धुराधुळीचं काम हे प्रश्न आधीच आहेत. ती उत्तरं काढून घेतलीत तर संशयितांची यादी तिथेच तयार होते. श्वास मोजणं हे डॉक्टरांचंच काम, असं वाटत असेल तर गडचिरोली आठवा. अभय आणि राणी बंग यांनी तिथे गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, अक्षरओळख नसलेल्यांसाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन केलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले आणि तो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. पंप बरोबर ओढला जातोय का, हे बघायला आशाताई आठवड्यात शिकतात. माझ्याकडे शिकल्या.

स्पायरोमीटरची मागणी करताना नुसतं यंत्र मागू नका. फिल्टर, मापन तपासायची सिरिंज आणि प्रशिक्षण घेऊन तिथेच टिकणारी एक नर्स, हे सगळं एकाच अर्जात मागा. या हिवाळ्यात पहिल्या दहा जणींचे आलेख निघाले की नावं झाकून मला पाठवा. रेघ सहा सेकंदांपर्यंत गेलीय का, ते मी आधी बघेन.